खिडकीखालची लाल बाटली

वाळत घातलेली कॉफीची फळं मुठीत घ्यायची, कानाशी नेऊन हलवायची आणि ऐकायचं, ही त्याची नोकरी. फळ कडकडीत वाळलं असेल तर आतलं बी सुटं होऊन खुळखुळतं. दमट असेल तर मुकं राहतं. एका मोठ्या मळ्याच्या खळ्यावर त्याने उभी हयात हेच केलं. मालक म्हणायचे, "झालं की आता, भरा पोती." हा मूठ कानाशी धरून डोळे मिटायचा आणि मान हलवायचा. "मालक, फळं अजून खोटं बोलतायत." मग भरायला आणलेली पोती रिकामीच परत जायची आणि मजूर मनातल्या मनात त्याचा उद्धार करायचे.

लोक त्याला तोंडावर काका म्हणत आणि पाठ फिरली की चाळणी. माल असो की माणूस, एकदा चाळल्याशिवाय तो आत घेत नसे. कुणाला वेळ विचारायची झाली तर दोघांना विचारायचा, आणि दोघांची वेळ जुळली तर दोघं ठरवून आलेत असं धरून चालायचा. दवाखान्यातलं औषध आधी हुंगून बघायचा. बायको हयात असताना हसत सांगायची, "मला बघून गेल्यावर हे आठवडाभर आमच्या गल्लीत चौकशी करत फिरत होते. त्यातून पास झाले, म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट असणार."

नोकरी संपल्यावर घरामागच्या उतारावरची स्वतःची बाग तो बघू लागला. पहिल्याच हंगामात व्यापाऱ्याने त्याचा माल बोटांनी चिवडला आणि म्हणाला, "दमट आहे." ज्याने जन्मभर दुसऱ्यांचा माल दमट ठरवला, त्याच्या तोंडावर. तो शब्द त्याला असा लागला की त्या दिवसापासून त्याने एक रीत पाडली. दर हंगामातली थोडी फळं, सालासकट, बाजूला काढून मागच्या शेडमध्ये ठेवायची. पुन्हा कुणी मालाला नाव ठेवलं तर पोतं उघडून दाखवायचं, हा बघ, याच मालातला आहे. त्या पोत्यांना तो मनातल्या मनात साक्षीदार म्हणायचा. साक्षीदार फुटू नयेत म्हणून त्यांचा पत्ता कुणाला कळू द्यायचा नाही, हेही ओघानं आलंच. घरात माणसं नसतील अशा वेळी तो खळ्यावरून फळं उचलायचा, घाईघाईत पोत्यात कोंबायचा, तोंड शिवायचा आणि शेडला कुलूप लावायचा. किल्ली करगोट्याला. कुणी विचारलंच तर, "जुनी अवजारं आहेत."

असं सगळं बंदोबस्तात चाललं होतं आणि घरात सून आली.

तशी ती लग्न होऊन कधीच आली होती, पण मुलगा बंदराच्या शहरात बसगाड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, म्हणून दोघं तिकडेच राहत. सासू गेल्यावर आणि बागायतदार संघाने कीड नियंत्रणाचं शिक्षण घेतलेल्यांना कामावर घ्यायचं ठरवल्यावर ती इकडे राहायला आली. नवरा महिन्यातून एकदा येऊन जायचा. संघाच्या सेक्रेटरीबाईंनी घरातली ओसरीलगतची खोली बघितली, पसंत केली, आणि त्या खोलीतून फवारणीचे पंप, औषधाचे डबे, सगळं बाहेर निघालं. खिडक्यांना बारीक जाळी बसली. दाराला आत एक पडदा, बाहेर एक पडदा. आत फळ्यांवर ट्रे आणि काचेच्या बरण्या.

चाळणीने पंप बाहेर जाताना बघितला आणि तो त्याच्यामागे अंगणापर्यंत गेला. फवारणीवर त्याचा त्यातल्या त्यात विश्वास होता, कारण तिला वास होता. बाग फवारली की दोन दिवस डोळे चुरचुरायचे. म्हणजे औषधाने आपलं काम केलं. आता सून म्हणत होती की फवारणी बंद, आणि काम करणार कोण, तर मुंगीपेक्षा लहान, काळ्या गांधीलमाश्या.

"त्या काय करतात?" त्याने विचारलं.

"बाबा, आपल्या फळाला बूड असतं ना, तिथं भोक पाडून भुंगा आत शिरतो. आत अंडी घालतो, पिल्लावळ बी खात बसते. फवारा आतपर्यंत पोचतच नाही. ही माशी त्याच भोकातून आत जाते. अंडी खाते, अळ्यांना डंख मारून लुळं करते आणि त्यांच्या अंगावर स्वतःची अंडी घालते."

"आणि माश्या आणायच्या कुठून?"

"इथेच वाढवायच्या. हे बघा." तिने एक ट्रे पुढे ओढला. ट्रेमध्ये फळं होती, आणि प्रत्येक फळाच्या बुडाला टाचणीने टोचल्यासारखं भोक.

त्याने ट्रेकडे बघितलं, सुनेकडे बघितलं, परत ट्रेकडे बघितलं. "यात भुंगे आहेत."

"हो. माश्यांना खायला भुंगे लागणारच ना."

"म्हणजे तू भुंगे पाळतेस."

"माश्या पाळते."

"माश्यांसाठी भुंगे पाळतेस. माझ्या घरात."

"जाळी आहे, पडदे आहेत. एकही बाहेर जात नाही."

"मोजलेस?" तो म्हणाला आणि बाहेर पडला.

त्या दिवसापासून त्याचं खोलीवर लक्ष. सून सकाळी पाटी घेऊन बाहेर जायची आणि दुसऱ्यांच्या बागांमधून भोकं पडलेली फळं वेचून आणायची. आपल्या बागेत गळ पडली, म्हणजे झाडाखाली फळं गळून पडली, तर तो स्वतः ती वेचून उकळत्या पाण्यात टाकायचा. त्याच्या उमेदीत प्रत्येक बागेत हीच रीत होती. आणि ही बाई चार गावची कीड पाटीत भरून घरात आणते. मग आठवड्यातून एकदा कागदी पेले घेऊन बागेत जाते आणि फांद्यांना बांधते. पेल्यात काय, तर काळे ठिपके हलताना दिसतात. ते ठिपके माश्यांचे की भुंग्यांचे, हे ठरवायला त्याच्या डोळ्यांत आता तेवढा दम नव्हता, आणि भिंग मागायचं म्हणजे तिला सावध करायचं.

त्यात एक गोष्ट झाली. सून बागेची पाहणी करून आली आणि जेवताना म्हणाली, "बाबा, वरच्या ओळींपेक्षा शेडजवळच्या ओळींना कीड जास्त आहे. शेडमध्ये काय असतं?"

"अवजारं."

"एकदा बघू का? किल्ली द्याल?"

त्याचा घास हातातच राहिला. हिला शेड कशाला हवी? "कुलूप गंजलंय," तो म्हणाला. "उघडत नाही."

"मग तेल घालू."

"तेलाने आणखी बिघडतं," तो म्हणाला, आणि ताट घेऊन उठला.

रात्रभर त्याने गणित मांडलं आणि ते असं जुळलं: कीड असेल तर माशी हवी, माशी हवी तर माशीवाली हवी, म्हणजे कीड असलेली हिला परवडते. शेडचं नाव ती मुद्दाम पुढे करतेय, लोकांचं लक्ष खोलीवरून उडावं म्हणून. गणित सुटल्यावर त्याला छान झोप लागली.

भुंगे पकडायचा सापळा त्याला येत होता. लाल प्लास्टिकची बाटली घ्यायची, पोटाला खिडकी कापायची, तळाला साबणाचं पाणी आणि वर स्पिरिटची एक छोटी कुपी टांगायची. त्या वासावर मादी भुंगे उडत येतात आणि पाण्यात पडतात. अशी एक बाटली त्याने केली आणि सून बाहेर गेलेली बघून तिच्या खोलीच्या खिडकीखाली, जास्वंदीच्या फांदीआड टांगली. चार दिवसांनी उतरवली तर पाण्यावर काळे दाणे तरंगत होते.

बाटली त्याने फडक्यात गुंडाळली आणि थेट लोहाराच्या भट्टीवर गेला. लोहाराची बाग त्याच्या बागेला लागून होती आणि कान सगळ्या उताराला.

"हे बघ."

लोहाराने बाटली उजेडात धरली. "आयला. कुठे सापडले?"

"तिच्या खिडकीखाली."

"म्हणजे काका, तुमचीच सून..." लोहाराने वाक्य अर्धवट सोडलं आणि उरलेलं वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या बागांमधून फिरून आलं. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी बायका सुनेला जागा करून देईनात. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरीबाईंचा निरोप आला: तक्रार आली आहे, शनिवारी सकाळी येऊन खोली बघते, खरं निघालं तर खोली बंद करावी लागेल.

त्या दिवशी सुनेने जेवण वाढलं. त्याचं पाणी भरून झाल्यावर म्हणाली, "बाटली तुम्ही लावली होती."

"हो."

"मला आधी सांगायचं होतं."

"सांगून लावला तर तो सापळा कसला?"

ती भिंतीला टेकून बसली. "बरोबर आहे. पण बाबा, खोली बंद झाली तर मी इथे राहून काय करू? मी जाईन तिकडे, त्याच्याकडे. तुमच्यावर राग म्हणून नाही. मला काम हवं."

"जा ना," तो म्हणाला. "मी कुठे अडवलंय."

म्हणायला म्हणाला, पण नंतर हात धुताना त्याला जाणवलं, घर किती भरलेलं वाटायला लागलंय. पडद्यांची सळसळ, बरण्यांच्या झाकणांची खडखड, फोनवर नवऱ्याशी तिचं भांडण. बायको गेल्यावर दोन वर्षं या घरात फक्त त्याच्या खोकण्याचा आवाज होता. त्याने तो विचार झटकला. भावनेच्या भरात माणूस पुरावा विसरतो.

आणि पुरावा तरी कितपत पक्का होता? एक बाटली. बाई म्हणतील, काका, भुंगे कुठूनही आले असतील. तसं म्हणायला तोंडच उरायला नको. त्याने खिडकीखालची बाटली परत टांगली, आणखी बाटल्या केल्या आणि चारी अंगांनी टांगल्या: बागेच्या वरच्या बांधाला एक, लोहाराच्या कुंपणाला एक, विहिरीपाशी एक, आणि चौथी बाजू रिकामी राहू नये म्हणून एक शेडच्या कोपऱ्यावर. खिडकीखालची भरेल, बाकीच्या रिकाम्या राहतील, मग बघू कोण काय म्हणतं.

तीन दिवसांनी तो फेरीवर निघाला. बांधावरच्या बाटलीत दोन-चार भुंगे. कुंपणावर तेवढेच. विहिरीपाशी थोडे जास्त. खिडकीखाली आधीइतकेच. आणि शेडच्या कोपऱ्यावरच्या बाटलीत पाणीच दिसत नव्हतं. कॉफीचा चोथा ओतावा तसा थर.

त्याच्या मनात पहिलं आलं ते हेच, की बाटल्या बदलल्या. सुनेने खिडकीखालची भरलेली इथे आणून लावली आणि इथली तिकडे. त्याला तिचं थोडं कौतुकही वाटलं. आपणही हेच केलं असतं. त्याने बाटली रिकामी केली, नवं पाणी भरलं, तारेला खूण म्हणून एक दोरा बांधला, गाठ फक्त त्यालाच येते अशी मारली, आणि दुपारी जेवून झाल्यावर समोरच्या चिंचोळ्या सावलीत पोत्यावर बसला. भुंगे दुपारीच उडतात. बघू, भुंगे येतात की सून येते.

सून आली नाही. खोलीतून तिच्या बरण्यांचा आवाज येत होता. ऊन शेडच्या दारावर तिरपं पडलं होतं आणि त्या उन्हात दाराखालच्या फटीतून एक काळा दाणा चालत बाहेर आला. थांबला. पाठ उघडल्यासारखी केली आणि उडाला. मागून दुसरा. मग फळीच्या चिरेतून तिसरा. सरळ वर, बाटलीकडे.

बोटं संपेपर्यंत तो ते मोजत बसला. मग उठला, आजूबाजूला बघितलं, करगोट्याची किल्ली काढली. कुलूप अजिबात गंजलेलं नव्हतं. दर महिन्याला तो स्वतःच तेल घालायचा.

साक्षीदार भिंतीला टेकून ओळीने बसले होते. पोत्यांवर, जमिनीवर, पायाखाली काळा भुगा. त्याने पुढच्या पोत्याची शिवण उसवली. फळांना भोकं. दुसरं पोतं, तसंच. त्याने मूठ भरली, कानाशी नेली आणि हलवली.

काही आवाज नाही. मुकं.

त्याने दुसरी मूठ घेतली, तिसरी घेतली, डोळे मिटून ऐकलं. दुसऱ्या कुणाचा माल असता तर पहिल्याच मुठीला त्याने मान हलवली असती. कुणी बघू नये म्हणून घाईघाईत उचललेली फळं, अर्धी ओली, पोत्यात कोंबलेली, अंधारात, उबेत. भुंग्याला आणखी काय लागतं. व्यापाऱ्याचं खोटं पाडायला ठेवलेली पोती, आणि ती उघडून दाखवली असती तर व्यापारीच खरा ठरला असता.

शनिवारी सकाळी सेक्रेटरीबाई यायच्या होत्या. त्याच्याकडे शुक्रवारची संध्याकाळ होती, आणि गळ उकळायचा मोठा हंडा होता. हंड्यात पाणी चढवायचं, पोती रिकामी करायची, सकाळपर्यंत शेड झाडून स्वच्छ. कुणाला काही कळणार नाही. खोली बंद होईल, सून जाईल, पुढच्या वर्षी कीड कमी होईल आणि सगळे म्हणतील, चाळणी बरोबर बोलत होता.

त्याने हंडा चुलाणावर ठेवला आणि पाणी भरलं. जाळ मात्र केला नाही. का केला नाही, हे त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. सकाळी लाकडं पेटवू, असं स्वतःला म्हणाला, आणि स्वतःवरही त्याचा विश्वास बसला नाही.

सेक्रेटरीबाई सांगितल्या वेळेआधीच आल्या, सोबत लोहार आणि आणखी दोघं बागायतदार. सुनेने पडदे वर केले, ट्रे मांडले. तिच्या कपड्यांची बॅग ओसरीच्या कोपऱ्यात होती. आधीच भरलेली. चाळणीने ती दोनदा बघितली.

बाईंनी जाळ्या तपासल्या, दाराच्या फटीत कागद सरकवून बघितला, बरण्यांची झाकणं फिरवली. "मला तर कुठे वाट दिसत नाही," त्या म्हणाल्या. "पण बाटलीत भुंगे होते हे खरं. काका, तक्रार तुमची आहे. तुम्ही सांगा."

"सांगा ना काका," लोहार म्हणाला. "तेव्हा तर भट्टीपर्यंत पळत आला होता."

चाळणीने लोहाराकडे बघितलं. मग कमरेला हात घातला, गाठ सोडायला त्याला वेळ लागला, आणि किल्ली त्याने सुनेपुढे धरली.

"शेड उघड."

"कुलूप गंजलंय ना?"

"नाही गंजलेलं."

तिने किल्ली घेतली. सगळे मागोमाग गेले. दार उघडलं तसा उबट, कुबट वास बाहेर आला. लोहार आत डोकावला आणि पटकन मागे झाला. "काका, ही अवजारं?"

"माझीच," तो म्हणाला.

बाईंनी एक फळ दाताने फोडलं, आतला पोखरलेला भुगा बघितला आणि रुमालाने तोंड पुसलं. "मग तक्रार मागे घेताय?"

"तक्रार खरी आहे. भुंगे याच घरातून उडत होते. आरोपी चुकला."

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. "म्हणजे या उतारावरची निम्मी कीड या शेडची. आणि तुम्ही ती पोरीच्या गळ्यात घातलीत. चार घरी तिचं नाव खराब झालं."

"झालं," तो म्हणाला. "लोहार, तू चार घरी सांगितलंस ना? आता त्याच चार घरी हेही सांग. तेवढ्याच घाईने जा."

लोहार डोकं खाजवत उभा राहिला. मागच्याला म्हणाला, "चला, आज भट्टीला सुट्टी."

चाळणी चुलाणाकडे वळला. "मी जाळ करतो. उकळून टाकू सगळं."

"थांबा." सूनबाई पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. चेहरा रागावलेलाच होता, पण डोळ्यांत दुसरंच काही चमकत होतं. "उकळू नका. बाबा, मी महिनाभर पाटी घेऊन दारोदार फिरतेय अशा फळांसाठी. इथे तर माश्यांना हंगामभर पुरेल एवढं आहे. किती वर्षांचं आहे हे?"

"लग्न झालं तुझं, त्याच्या आधीपासूनचं."

"आणि मी कुलपाबाहेर उभी राहून किल्ली मागत होते."

बाईंनी जाताना दोन गोष्टी सांगितल्या: पोती आजच्या आज जाळीच्या खोलीत जायला हवीत, आणि बाटल्या आहेत तिथेच राहू देत, खिडकीखालचीसुद्धा. "पुढच्या महिन्यात मी स्वतः बघेन. तोवर खोली चालू." बाहेर पडल्यावर त्यांनी मागे वळून ओसरीतल्या बॅगेकडे बोट केलं आणि सुनेला विचारलं, "ही?"

"बघू," सून म्हणाली.

पोती दिवसभर दोघांनी मिळून वाहिली. शेवटचं पोतं आत ठेवल्यावर तिने किल्ली पुढे केली. तो ती घेईना.

"राहू दे तुझ्याकडे. आजचा दिवस."

"आणि उद्या?"

"उद्या बघू," तो म्हणाला. तीही तसंच म्हणाली होती, हे नंतर त्याच्या लक्षात आलं. बॅग रात्री ओसरीतच होती. सकाळी ती खोलीत गेलेली दिसली, पण रिकामी केली की नुसती हलवली, ते त्याने उचलून बघितलं तेव्हाच त्याला पटलं. हलकी होती.

आता दुपारी तो स्टूल घेऊन तिच्या खोलीत बसतो. पहिल्या दिवशी तिने भिंग त्याच्या हातात दिलं होतं. भिंगाखाली साक्षीदारांपैकी एक फळ, आणि त्याच्यावर मुंगीसारखी काळी माशी. ती फळावरून दोनदा फिरली, भोकापाशी थांबली, मिशांनी कडा चाचपली.

"काय करतेय?"

"चाचपतेय. आत भुंगा आहे की नाही."

"म्हणजे तिलाही खात्री नाही."

"नाही. लगेच शिरत नाहीत त्या."

हे त्याला पटलं. माशी आत शिरली, आणि थोड्या वेळाने तिचं डोकं तेवढं भोकाच्या तोंडाशी दिसायला लागलं. हलेना.

"अडकली," तो म्हणाला.

"अडकली नाही. राखण करतेय. आत काम झालं की दारातच बसते. दुसऱ्या कुणाला आत येऊ देत नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच. खाणं-पिणं सोडून बसते."

त्याने भिंग वर-खाली केलं, एक डोळा मिटला. माशी त्याच्याकडेच बघतेय असं त्याला वाटलं, आणि तिची नजर त्याला ओळखीची वाटली.

"आणि आतल्या भुंग्याने तिला फितवलं तर?"

सून हातातली बरणी खाली ठेवून हसायला लागली. त्याने स्टूल टेबलाजवळ आणखी थोडं पुढे ओढलं. हसू दे. कुणीतरी लक्ष ठेवायलाच हवं.